छोट्या ट्रेलरमधून वाळवंटात मुक्काम: पाणी कसं पुरवून वापरावं

नोव्हेंबर ते मार्च हे अ‍ॅरिझोना आणि दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, घेऊन राहायचे महिने. क्वार्ट्झसाइटजवळची ला पोसाची मैदानं, जोशुआ ट्री, डेथ व्हॅली इथलं ऊन या दिवसांत सोसण्यासारखं असतं. पाण्याचा नळ मात्र अनेक मुक्कामांवर नसतोच. तिकडे राहणाऱ्या किंवा तिकडे फिरायला निघालेल्या मराठी कुटुंबांसाठी हे मार्गदर्शन आहे.

टाकीत पाणी किती मावतं, हे सगळेच विचारतात. माझ्या मते त्याआधी विचारायला हवं की वापरलेलं पाणी जाणार कुठे. स्वच्छ पाणी कॅनमध्ये भरून गाडीतून आणता येतं. सांडपाण्याची टाकी ट्रेलरखाली कायमची बसवलेली असते. ती भरली की सगळा पसारा आवरून, ट्रेलर गाडीला जोडून डंप स्टेशन, म्हणजे सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा, गाठावं लागतं. म्हणून पाण्याची खरी बचत सिंकपाशी होते.

पायरी १: टाक्या आणि वजन

बहुतेक छोट्या ट्रेलरांत तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, सिंक आणि शॉवरच्या पाण्याची म्हणजे ग्रे टँक, आणि संडासाची म्हणजे ब्लॅक टँक. काहींत ब्लॅक टँकऐवजी काढून नेता येणारी कॅसेट असते. प्रत्येकीची क्षमता माहितीपुस्तिकेत पाहून कागदावर लिहा. अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, त्यामुळे २० गॅलनची टाकी साधारण ७५ लिटरची.

७५ लिटर म्हणजे ७५ किलो. ट्रेलरवरच्या पिवळ्या किंवा पांढऱ्या स्टिकरवर तो किती सामान पेलू शकतो ते छापलेलं असतं, आणि पाण्याचं वजनही त्या आकड्यातच बसलं पाहिजे. टाकी चाकांच्या मागे असेल तर भरलेल्या पाण्याने ट्रेलर गाडीला जिथे जोडतो त्या जोडणीवरचा भार कमी होतो आणि वेगात ट्रेलर डोलायला लागतो. हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. तुमची टाकी मागे असेल तर शहरातून भरून निघू नका, मुक्कामाच्या सर्वांत जवळच्या गावात भरा.

पायरी २: घरीच हिशेब

दोन मोठ्या माणसांचा दिवसाचा हिशेब मी असा धरतो. पिण्याचं पाणी प्रत्येकी ४ लिटर, स्वयंपाक आणि चहा मिळून ४, भांडी ४, हात-तोंड-दात ३, संडास ३, आणि दिवसाआड अंघोळ धरली तर रोजचे सरासरी ४. एकूण २६ लिटर, म्हणजे ७५ लिटरची टाकी तीन दिवससुद्धा पुरत नाही. पिण्याचं पाणी कॅनमध्ये वेगळं ठेवलं तर टाकीवर रोज १८ लिटरचा भार येतो आणि चार दिवस निघतात. त्या १८ पैकी साधारण ११ लिटर ग्रे टँकमध्ये उतरतात. ती टाकी ४५ लिटरची असेल तर तीही चौथ्या दिवशी भरते, आणि तुम्ही कितीही कॅन आणले तरी मुक्काम तिथेच संपतो.

कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, त्यामुळे शरीरातून किती पाणी गेलं ते कळत नाही. पिण्याच्या पाण्यात काटकसर करू नका. दिवसभर चालणार असाल तर नुसतं पाणी न पिता मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा कोकम सरबतही घ्या.

पायरी ३: टाकी स्वच्छ करणं

ट्रेलर बरेच दिवस उभा असेल किंवा भाड्याचा असेल तर हे टाळू नका. पाण्याच्या हीटरचा बायपास लावा, म्हणजे पाणी हीटरमध्ये न शिरता थेट नळांकडे जाईल, फिल्टरचं काडतूस काढून ठेवा. सुगंध नसलेलं साधं घरगुती ब्लीच टाकीच्या क्षमतेच्या दर ५७ लिटरला ६० मिली या प्रमाणात बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत ओता आणि टाकी भरून घ्या. पंप चालू करून प्रत्येक नळाला ब्लीचचा वास येईपर्यंत पाणी सोडा. किमान चार तास, जमल्यास रात्रभर तसंच ठेवा. मग टाकी रिकामी करून वास जाईपर्यंत धुवा. हे सगळं घराजवळ करा, कारण वाळवंटात धुवायला पाणी नसतं. शेवटी बायपास काढा आणि हीटर पूर्ण भरल्याशिवाय सुरू करू नका. रिकाम्या हीटरची विजेची कॉइल जळते.

पायरी ४: पाणी कुठून भरायचं

जोशुआ ट्रीमध्ये बहुतेक मुक्कामांवर पाणी नाही. जम्बो रॉक्स किंवा हिडन व्हॅलीला जाणार असाल तर बाहेरूनच भरून जा. ब्लॅक रॉक आणि कॉटनवूड इथे पाणीही आहे आणि डंप स्टेशनही. ला पोसाचा दीर्घ मुक्कामाचा हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असतो आणि तिथे परवानाधारकांना पाणी आणि डंपची सोय मिळते. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या अमेरिकी खात्याच्या बाकीच्या मोकळ्या जमिनीवर साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवस राहता येतं, पण तिथे बहुधा काहीच सोय नसते. निघण्यापूर्वी त्या-त्या जागेच्या अधिकृत पानावर नळ चालू आहेत ना, हे पाहा.

टाकी भरायला पिण्याच्या पाण्यासाठी असलेलाच होज, म्हणजे रबरी नळी, वापरा. बागेचा साधा होज उन्हात तापला की पाण्याला प्लास्टिकचा वास लागतो. नळाला पाण्याचा दाब आवरणारा प्रेशर रेग्युलेटर लावा. डंप स्टेशनवर टाकी धुवायला जो नळ असतो, त्याचं पाणी पिण्याचं नसतं. तिथे तुमचा स्वच्छ होज जोडू नका.

या भागातलं नळाचं पाणी बरंच जड असतं. किटलीत पांढरा थर बसतो, आणि तूरडाळ, छोले, राजमा शिजता शिजत नाहीत. गावागावांत गाळलेल्या पाण्याची विक्रीयंत्रं असतात. पिण्याचे आणि डाळ शिजवायचे कॅन तिथून भरा, बाकीची टाकी नळाच्या पाण्याने.

पायरी ५: स्वयंपाकघर आणि भांडी

सर्वांत जास्त पाणी इथे वाचतं. भाज्या घरूनच धुऊन, चिरून, डब्यांत भरून न्या. कडधान्यं निघायच्या आदल्या रात्री भिजवा. कुकरमध्ये डाळ-भाताचे डबे एकावर एक लावले की गॅस वाचतो, आणि तळाचं कोमट पाणी भांडी विसळायला कामी येतं. तांदूळ धुतलेलं पाणी टाकू नका. तेलकट कढईला पहिला हात त्याच पाण्याने द्या.

जेवण झाल्यावर ताटं आधी कागदाने पुसून घ्या. आमटीचं तेल ग्रे टँकमध्ये गेलं की दोन दिवसांत ट्रेलरभर वास येतो. पुसलेल्या भांड्यांवर साबणपाण्याची फवारणीची बाटली मारा, घासा आणि सिंकमध्ये ठेवलेल्या पसरट टोपात थोड्याच पाण्यात विसळा. दोघांची भांडी अशी दोन-तीन लिटरमध्ये निघतात. टोपातलं पाणी मोरीत न सोडता संडासात ओता. ब्लॅक टँकला पाणी लागतंच, कोरडी पडली तर मैला तळाशी बसून घट्ट होतो. एकाच पाण्याचा दोनदा उपयोग झाला आणि ग्रे टँकही वाचली. मला या संपूर्ण नियोजनातली ही सर्वांत मोलाची युक्ती वाटते.

पायरी ६: अंघोळ आणि संडास

ट्रेलरचा शॉवर मिनिटाला सहा-सात लिटर सहज ओढतो. आपल्याला बादली आणि तांब्या ठाऊक आहे, तोच इथे आणा. मोठ्या माणसाची अंघोळ ४ लिटर कोमट पाण्यात नीट होते. गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी वाहतं ते बादलीतच धरा. लहान मुलांना ओल्या कपड्याने पुसून काढलं तरी चालतं. केस धुवायचे असतील तर गावात पैसे देऊन अंघोळीची सोय मिळते का ते पाहा.

संडासात पाणी वापरायची सवय सोडायची गरज नाही. टमरेलभर पाण्याने कागद कमी लागतो आणि टाकी तुंबत नाही.

पायरी ७: रोजची नजर

टाकीची पातळी दाखवणारे दिवे एक तृतीयांश, दोन तृतीयांश एवढंच सांगतात, आणि ब्लॅक टँकचे तर बऱ्याचदा चुकीचं सांगतात. त्यामुळे रोज किती कॅन ओतले याची वहीत नोंद ठेवा. पंपाचं बटण वापरापुरतंच चालू करा. सगळे नळ बंद असताना पंप मध्येच गुरगुरला तर कुठेतरी गळती आहे हे समजा. रात्री झोपताना किंवा फिरायला जाताना पंप बंदच हवा. एक सैल जोड सगळी टाकी जमिनीवर ओतू शकतो.

जोशुआ ट्रीचे बरेचसे मुक्काम अकराशे ते तेराशे मीटर उंचीवर आहेत. डिसेंबर-जानेवारीत तिथे रात्री पाणी गोठतं. नळाला जोडलेला होज संध्याकाळीच काढून रिकामा करा आणि सकाळच्या चहाचं पाणी रात्रीच पातेल्यात भरून आत ठेवा.

पायरी ८: कॅन आणि राखीव साठा

२६ लिटरचे मोठे कॅन स्वस्त असतात, पण भरल्यावर टाकीच्या तोंडापर्यंत उचलताना कमर धरते. १० ते १५ लिटरचे जास्त संख्येने घ्या, किंवा १२ व्होल्टचा छोटा पंप लावून पाणी चढवा. प्रत्येकी रोज ४ लिटर या हिशेबाने तीन दिवसांचं पाणी बाजूला ठेवा आणि त्याला हात लावू नका. त्यातलं थोडं ट्रेलरमध्ये न ठेवता गाडीत ठेवा. ट्रेलर मुक्कामी सोडून तुम्ही कच्च्या रस्त्यावर फिरायला जाल आणि गाडी बंद पडेल, तेव्हा पाणी हाताशी असलं पाहिजे.

एखादा पाणवठा दिसला तर त्याच्याजवळ तळ ठोकू नका. अ‍ॅरिझोनाच्या कायद्यानुसार, प्राण्यांना जवळपास दुसरं पाणी नसेल आणि तुमच्यामुळे त्यांची वाट अडत असेल, तर पाणवठ्यापासून पाव मैलाच्या म्हणजे ४०० मीटरच्या आत मुक्काम करता येत नाही. डोंगरउतारावरची रानमेंढरं माणूस दिसला की पाण्यावर उतरत नाहीत, तहानलेली तशीच परततात.

पायरी ९: रिकामं करणं

ग्रे टँकची झडप मुक्कामात बंदच ठेवा. साबण आणि अन्नाचे कण त्या कोरड्या जमिनीत लवकर जिरत नाहीत आणि उंदीर-कोल्हे मुक्कामाच्या जागी येऊ लागतात. जास्त दिवस राहायचं असेल तर सांडपाणी ओढून नेता येणारी चाकांची टाकी मिळते, ती घ्या. डंप स्टेशनवर हातमोजे घालून आधी ब्लॅक टँक सोडा, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. घरी आल्यावर स्वच्छ पाण्याची टाकी आणि हीटर पूर्ण रिकामे करा आणि दोन दिवस झाकण उघडं ठेवून टाकी वाळू द्या.