सिंगापूरचे आकडे वापरताना या चुका टाळा

लहान आणि खुल्या अर्थव्यवस्थेचं उदाहरण हवं असलं की लेखात, टिपणात सिंगापूर येतंच. पण भारताचे आकडे ज्या नजरेने वाचतो त्याच नजरेने हे वाचले, तर निष्कर्ष पार उलटे निघतात.

सगळ्यात मोठी गफलत सरकारी कर्जाची. एकूण कर्ज जीडीपीच्या दीडपटीहून जास्त दिसतं आणि ‘कर्जात बुडालेला देश’ असं लिहून टाकलं जातं. हे कर्ज तूट भरून काढण्यासाठी घेतलेलंच नाही. नोकरदारांच्या सेंट्रल प्रॉव्हिडंट फंडातली रक्कम विशेष सरकारी रोख्यांत जाते, शिवाय रोखेबाजार जिवंत ठेवण्यासाठी वेगळे रोखे काढले जातात. हा पैसा खर्च करायला कायद्याने बंदी आहे. तो गुंतवला जातो. म्हणून देणी आणि मालमत्ता एकत्र मांडा, निव्वळ कर्ज उरत नाही. अपवाद एकच: 2021 च्या कायद्याने मोठ्या, दीर्घकालीन पायाभूत प्रकल्पांसाठी 90 अब्ज सिंगापूर डॉलरपर्यंत कर्ज काढता येतं. ते वेगळ्या ओळीत धरा. कोविडच्या वेळी जादा पैसा लागला तेव्हाही साठवलेल्या गंगाजळीलाच सरकारने राष्ट्रपतींच्या संमतीने हात घातला.

दुसरी चूक व्यापाराची. व्यापार जीडीपीच्या तिप्पट म्हणजे देश तिप्पट माल बनवतो, असा अर्थ लावू नका. समजा, 90 डॉलरची चिप आयात झाली आणि 100 डॉलरला पुढे रवाना झाली. व्यापारात 190 मोजले गेले, जीडीपीत फक्त 10. मालाच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा अशा पुनर्निर्यातीचा असतो. इथे तेलशुद्धीकरण होतं, त्यामुळे कच्च्या तेलाचा भाव चढला की निर्यातही फुगते, पण प्रत्यक्ष उत्पादन तेवढंच असू शकतं. इथल्या कारखान्यांचा कल पाहायचा असेल तर ‘तेल वगळून देशांतर्गत निर्यात’ ही मालिका घ्या. त्यातही जानेवारी आणि फेब्रुवारी वेगवेगळे वाचू नका. चिनी नववर्षाची सुट्टी कधी या महिन्यात येते, कधी त्या. दोन्हींची बेरीज करूनच मागच्या वर्षाशी ताडून पाहा.

पतधोरणात रेपो दर (मध्यवर्ती बँक इतर बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो) शोधत बसू नका, तसा धोरणदर इथे नाही. 1981 पासून मध्यवर्ती बँक चलनाचा विनिमय दर सांभाळते: व्यापारातल्या भागीदार देशांच्या चलनांची टोपली आणि तिच्याभोवती एक पट्टा, म्हणजे दर वर-खाली होण्याची मर्यादा. घोषणेत तीनच गोष्टी पाहायच्या: पट्ट्याचा उतार, मध्यबिंदू आणि रुंदी. उतार वाढवला म्हणजे चलन जास्त वेगाने महाग होऊ दिलं, धोरण कडक झालं. वापरातल्या बहुतेक वस्तू बाहेरून येतात, त्यामुळे महागाईवर व्याजदरापेक्षा हे हत्यार जास्त चालतं. व्याजदर मग बऱ्याच अंशी बाहेरूनच ठरतात.

अर्थसंकल्पात ‘तूट’ लिहिण्याआधी ती कोणत्या टप्प्यावरची आहे ते पाहा. कर आणि शुल्कातून खर्च वजा केला की प्राथमिक शिल्लक मिळते. ती अनेकदा उणे असते. त्यानंतर गुंतवणुकीच्या परताव्यातला वाटा मिळवला जातो. अपेक्षित दीर्घकालीन वास्तव (महागाई वजा केलेल्या) परताव्याच्या कमाल 50 टक्के एवढीच रक्कम घेता येते, तरी ती महसुलाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी भरते. जमीनविक्रीचा पैसा मात्र या हिशेबात येत नाही, थेट गंगाजळीत जातो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी तो धरतो, म्हणून त्यांची शिल्लक वेगळी दिसते. दोन स्रोतांतले आकडे एकाच तक्त्यात घालू नका.

वाढीचा दर घेताना तो मागच्या वर्षाशी तुलना करून काढलाय की मागच्या तिमाहीशी, हे तपासा. जुन्या प्रकाशनांत तिमाहीचा दर वार्षिक करून देत, आता देत नाहीत. तिमाहीतली 1 टक्का वाढ वर्षभर त्याच वेगाने चालली असं धरलं, तर वार्षिक हिशेबाने 4.06 टक्के होते. आणि पहिला अंदाज मुख्यतः तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांवर बेतलेला असतो. सुधारित आकडा आला की आपला तक्ता बदला.