चौकातली भिंत रंगवायची असेल तर

मिरजेत मी तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. गणपती विसर्जनाच्या स्वागत कमानींवरही हात चालवला. मग फ्लेक्स आलं आणि पाट्या गेल्या. आता गल्लीतली पोरं येतात, "काका, कोपऱ्यावरची भिंत रंगवायचीय, सांगा की." त्यांना सांगतो तेच इथं लिहितोय.

भिंत कोणाची, ते आधी काढा. रस्त्याकडेची म्हणजे महापालिकेचीच असं नसतं. शाळेची, एसटीची, रेल्वेची, बांधकाम खात्याचीही निघते. अर्जाला भिंतीचा फोटो, मापं आणि रंगीत कच्चं चित्र जोडा, पोच घ्या. कुणाच्या "करा हो"वर डबा फोडू नका. मालमत्ता विद्रूपीकरणाचा १९९५चा कायदा आहे, आणि तुमचं चित्र कितीही सुंदर असलं तरी परवानगीचा कागद लागतोच.

मग भिंतीला हात लावून बघा. चिकटपट्टी घट्ट दाबायची आणि खस्सकन ओढायची. चुना तिच्याबरोबर आला तर तो सगळा खरवडायचा, दुसरा इलाज नाही. ओल तपासायला हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं की थांबा. पांढरी पूड फुटलेली दिसते तो लोणा. त्याच्यावर पुट्टी थापली तर पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे हातात येतात. आधी बघा पाणी येतंय कुठून: वरची पन्हळ गळते, की मागं गटार तुंबलंय. निम्मे दिवस या कामात जातात, जाऊ द्या.

काम दिवाळीनंतर धरा, होळीच्या आत उरका. मे महिन्यात भिंत इतकी तापते की रंग ब्रशाखालीच वाळायला लागतो.

सामान थोडक्यात: बाहेरच्या भिंतीचा प्रायमर एक हात, त्यावर एक्स्टीरियर इमल्शन. ४० फूट बाय ८ फुटांची भिंत म्हणजे ३२० चौरस फूट. लिटरभर इमल्शनमध्ये साधारण ५० चौरस फुटांवर दोन हात बसतात, म्हणजे जमिनीचा, म्हणजे चित्रामागचा, रंगच सहा-सात लिटर लागतो. भडक शेड कमी घ्या. उन्हात लाल-पिवळेच आधी उडतात.

चित्र ज्यांच्या कामाचं काढायचं, त्यांना विचारून ठरवा. हे मी खत्ता खाऊन शिकलो. आमच्याकडच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं. शिकलगार मंडळी पूर्वी हत्यारांना धार लावायची, पुढं वाद्यांकडं वळली. मंगळवेढा-पंढरपूरकडचे भोपळे आणून तंबोरे घडवतात. मी तंबोरा काढला आठ फुटी, भोपळ्याला छान पॉलिश-तांबूस झाक दिली. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे कारागीर सायकल टेकवून बघत उभे. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेंटर, तंबोऱ्याला पडदे कवापासनं आलं?" बघतो तर मी दांडीवर सतारीसारखे पडदे, म्हणजे सुरांच्या आडव्या पट्ट्या, ओढलेले! तंबोऱ्याला चार तारा, चार खुंट्या, पडदा एकही नाही. "आणि खुंट्या दोन समोरून, दोन बाजूनं," असं बोटानं दाखवून ते गेले. दांडी रातोरात पुसून परत काढली. आता कच्चं चित्र आधी वाद्यं घडवणाऱ्यांच्या गल्लीत फिरवतो.

मोठं करायची रीत जुनीच. कागदावर एक इंचाचे चौकोन, भिंतीवर एक फुटाचे. ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडून उभी रेघ पक्की करा, मग निळीत बुडवलेला दोरा ताणून सूत मारा, म्हणजे दोरा ओढून सोडा, रेघ उमटते. भरताना दर पाच मिनिटांनी रस्त्यापलीकडं जाऊन बघा. भिंतीला नाक लावून काढलेलं तोंड लांबून वाकडंच दिसतं.

खालचे अडीच फूट गडद गेरू रंगाचा पट्टा ठेवा. पिचकारी, चिखल, सायकलचं हँडल, सगळं तिथंच लागतं. देवांच्या फरशा बसवा, कुणी थुंकणार नाही, असा सल्ला हमखास मिळतो. मी बसवत नाही. देवाला पहाऱ्यावर उभं करायचं मला पटत नाही.

प्रत्येक शेडचा अर्धा लिटर झाकण घट्ट लावून, वर नाव लिहून, जवळच्या चहावाल्याकडं ठेवा. वाढदिवसाचं पोस्टर सोलल्यावर तेवढाच तुकडा भरायला तोच रंग लागतो, आणि दुकानात पुन्हा मिसळून घेतलेला कधी जुळत नाही.