उसण भरलेली कंबर आणि इंटर्नचे उतावळे हात

फिजिओथेरपीच्या इंटर्नशिपला लागलो तेव्हा मला एकच हौस होती, कुणाची तरी कंबर ‘कट्’ वाजवायची. मेटलंडच्या पाच ग्रेड, म्हणजे सांधा हाताने हलवण्याच्या, अगदी हलक्यापासून झटक्यापर्यंतच्या पायऱ्या, पाठ होत्या, पण पाचवी, म्हणजे झटक्याची, तीच काय ती खरी असं वाटायचं.

पहिल्याच आठवड्यात एक बाई आल्या. दोन दिवसांपूर्वी भरलेली कळशी उचलताना उसण भरली म्हणाल्या. मी लगेच त्यांना पालथं झोपवायला निघालो. मॅडमनी थांबवलं, स्टूल ओढून बसल्या.

“त्याआधी दुखत नव्हतं?”

दोन महिने दुखतच होतं. संध्याकाळी अंगात कणकण असायची. ब्लाउज सैल व्हायला लागले होते. एमआरआयमध्ये मणक्याचा टीबी निघाला. पोखरलेल्या मणक्यावर मी झटका देणार होतो! त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

तेव्हापासून हात लावण्याआधी ताप, वजन, पूर्वीचा कॅन्सर, स्टिरॉइडच्या गोळ्या, पडणं-झडणं, सगळं विचारतो. पायातली चप्पल नकळत निसटते का, हेही. आणि लाज न बाळगता: लघवी अडते का, बसायची जागा बधिर वाटते का? इथे ‘हो’ आलं तर प्लिंथ (उपचाराचं टेबल) विसरा, रुग्णाला तातडीने मोठ्या हॉस्पिटलात पाठवा.

बाकी बहुतेकांची साधी लचकच असते. कळ ताजी असताना पहिल्या-दुसऱ्या ग्रेडनेच काम होतं. पोटाखाली उशी, प्लिंथ आपल्या मांडीच्या उंचीला. मी सुरुवातीला अंगठ्याने दाबायचो. आठवड्यात माझेच अंगठे धरले. करंगळीच्या बाजूचा तळहाताचा उंचवटा मणक्यावर ठेवा, खांदे बरोबर हातांवर आणा आणि अंगाचा भार हलकेच सोडा. झोका लहान, लय एकसारखी, अर्धा-एक मिनिट. मग रुग्णाला उभं करून वाकायला सांगा. बोटं आधी गुडघ्यापर्यंत जात होती, आता नडगीवर पोचली का? हे तपासलं नाही तर ते नुसतं चेपणं झालं.

आणि तो ‘कट्’? सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा आवाज. ‘सरकलेला मणका बसला’ असं रुग्णाला सांगू नका. तो पुढे वर्षभर वाकायला घाबरतो.

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ताज्या कंबरदुखीसाठी गोळ्यांआधी शेक, मसाज, मॅनिप्युलेशन (तोच झटका) असे उपाय आहेत. पण फायदा माफकच. बरेचसे रुग्ण काही आठवड्यांत आपोआप सुधारतात, आपण तेवढे दिवस सुसह्य करतो. म्हणून शेवटची पाच मिनिटं मी बोलण्यासाठी राखतो: अंथरूण धरू नका, घरात चाला, झेपेल ते काम करा.

मागच्या महिन्यात एक काकू चौथ्या दिवशी ताठ चालत आल्या. “तुझ्या हाताला गुण आहे रे!” मी मनातल्या मनात फुललो. जाता जाता म्हणाल्या, शेजारच्या वहिनी पायाळू आहेत, त्यांच्याकडूनही पहिल्याच संध्याकाळी कंबरेला पाय लावून घेतला होता.