‘समाचार घेणे’ आणि हिब्रूतला पाकाद

हिब्रू बायबल मूळ भाषेतून वाचायचं ठरवून मी पुण्यात वर्गाला जाऊ लागले. पहिले दोन महिने अक्षरं, स्वरचिन्हं आणि क्रियापदांची रूपं पाठ करण्यात गेले. रूपांसाठी आम्हाला दिलेला धातू होता पे, कोफ, दालेत या तीन अक्षरांचा, म्हणजे पाकाद. ही निवड फार जुनी आहे. बाराव्या शतकात मोशे किम्ही या व्याकरणकाराने नमुन्यासाठी हाच धातू घेतला. आधी चालत आलेल्या ‘पाअल’ धातूतलं मधलं अक्षर कंठ्य असल्यामुळे त्याची रूपं वेडीवाकडी होतात. पाकादची तिन्ही अक्षरं प्रत्येक रूपात शाबूत राहतात. नवख्याला एवढीच अडचण येते की ‘पाकाद’ मधला प ‘यिफकोद’ मध्ये फ होतो. अक्षर तेच असतं, पोटातला ठिपका गेलेला असतो. हे पहिल्या आठवड्यातच डोळ्यांत बसवून घ्या, म्हणजे कोशात भलत्या पानावर जाणार नाही.

रूपं सोपी म्हणून अर्थही सोपा असेल, असं मी धरून चालले आणि तिथे फसले. वहीत मी लिहिलं होतं: पाकाद म्हणजे भेट देणे. काही ठिकाणी ते जमलंही. बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात शमशोन करडू घेऊन बायकोकडे जातो, तिथे हेच क्रियापद आहे. मग १ शमुवेल २० वाचायला मिळाला. चंद्रदर्शनाच्या मेजवानीला दावीद जाणार नाही आणि योनाथान त्याला सांगतो आहे, ‘निफकादता, की यिप्पाकेद मोशावेखा.’ माझ्या वहीप्रमाणे अर्थ निघाला, ‘तुझ्या आसनाला भेट दिली जाईल.’ सर काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, ‘त्या आसनावर कोण बसलंय?’ कोणीच नाही. आसन रिकामं आहे, म्हणून दावीद नाही हे लक्षात येणार आहे.

त्या दिवसापासून मी वहीची पद्धत बदलली आणि नव्या विद्यार्थ्यांनाही तीच सुचवते. शब्दासमोर एक अर्थ लिहू नका. ओवी लिहा आणि तिच्याखाली तीन गोष्टी: कोण करतो, कोणाच्या बाबतीत करतो, आणि त्यानंतर काय बदलतं. पाकाद तीनशेच्या आसपास वेळा येतो. सगळ्या जागा बघायची गरज नाही, पंचवीस-तीस नीट पाहिल्या तरी चित्र उभं राहतं.

गणनाच्या पहिल्या अध्यायात मोशे लढण्याजोग्या पुरुषांची मोजणी करतो. आकडा ६,०३,५५० भरतो आणि मोजलेल्यांना ‘पेकुदीम’ म्हटलं आहे. त्याच पुस्तकात अध्याय ३१ मध्ये लढाईहून परतलेले सरदार म्हणतात, ‘लो निफकाद,’ आमच्यातला एकही माणूस कमी नाही. मोजणं आणि कमी भरणं यांना एकच धातू कसा, हे मला आधी उमगत नव्हतं. शाळेतली हजेरी आठवली तेव्हा उमगलं. नावं घेतल्याशिवाय कोण आलं नाही ते कळत नाही.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या जागा. उत्पत्ती २१ मध्ये परमेश्वर सारेच्या बाबतीत पाकाद करतो आणि तिला म्हातारपणी मुलगा होतो. रूथच्या पहिल्या अध्यायात तो आपल्या लोकांच्या बाबतीत तेच करतो आणि दुष्काळानंतर भाकर मिळते. पण निर्गम २० मध्ये वडिलांच्या अपराधाबद्दल मुलांचं पाकाद करणारा देवही तोच आहे. इंग्रजी कोश इथे दोन वेगळे रकाने करतात, एक कृपेचा आणि एक शिक्षेचा. मराठी माणसाला मात्र इतकं तोडायची गरज नाही. आपण आजाऱ्याच्या समाचाराला जातो आणि चुकणाऱ्याचा खरपूस समाचारही घेतो. यिर्मया २३:२ मध्ये कळप विखरून टाकणाऱ्या मेंढपाळांना देव म्हणतो ते मी वहीत असं उतरवलं: ‘तुम्ही त्यांचा समाचार घेतला नाहीत; पाहा, मी तुमच्या दुष्कृत्यांचा समाचार घेतो.’ दोन्हीकडे पाकादच आहे आणि वाक्याचा सगळा जोर त्या पुनरुक्तीवर आहे. दोन वेगळे शब्द घातले तर तो जोर जातो.

तरी समाचार सगळीकडे चालत नाही. हिफील, म्हणजे प्रयोजक रूपात धातूचा अर्थ सोपवण्याकडे वळतो. पोटीफर आपलं घर योसेफाच्या हवाली करतो आणि स्तोत्र ३१ मध्ये ‘माझा आत्मा तुझ्या हाती सोपवतो’ असं येतं. तिथे समाचार घातला तर वाक्य मोडेल. आधुनिक हिब्रूत पाकीद म्हणजे कारकून आणि मेफाकेद म्हणजे सेनाधिकारी. हे शब्द लक्षात ठेवायला मदत करतात, पण त्यांच्यावरून जुन्या ओवीचा अर्थ ठरवू नका.

साधनांचं थोडक्यात सांगते. सेफारिया या संकेतस्थळावर हिब्रू मजकूर फुकट वाचता येतो. स्तोत्रं उघडताना जपा: हिब्रूत शीर्षकालाही बहुधा ओवीचा क्रमांक असतो, त्यामुळे मराठीतली ८:४ तिथे ८:५ होते. मी यात एक संध्याकाळ घालवली. आणि मराठी भाषांतरं बाजूला ठेवू नका. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं आणि १९२२ मध्ये मृत्यूच्या थोडं आधी ते काम पुरं केलं. एकेका शब्दापाशी त्या किती थांबल्या असतील, ते स्वतः एक ओवी करून पाहिल्यावर जाणवतं.

शेवटी दोन ओव्या शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. स्तोत्र ८ मध्ये कवी चांदण्यांकडे पाहून नवलाने विचारतो, मनुष्य तो काय, की तू ‘तिफकेदेन्नू’, म्हणजे त्याच्या बाबतीत पाकाद करतोस. ईयोब ७ मध्ये फोडांनी सडलेला माणूस जवळजवळ तोच प्रश्न करतो, तेच क्रियापद वापरतो आणि म्हणतो, रोज सकाळी हे करतोस, मला गिळायलाही उसंत देत नाहीस. माझ्या वहीत दोन्हीखाली सध्या ‘समाचार’ लिहिलेलं आहे, पेन्सिलीने.