अवकाशाचे गेम मुलांच्या हाती देताना या चुका टाळा

'शैक्षणिक' असा शिक्का असलेले अवकाशाचे बरेच गेम म्हणजे सजवलेली प्रश्नमंजूषा असते. ग्रह ओळखा, क्लिक करा, गुण मिळवा. नावं पाठ होतात, पण रॉकेट वर का राहतं हे कळत नाही. मूल दहा-बारा वर्षांचं असेल आणि कॉम्प्युटर बरा असेल, तर माझं मत सरळ 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'ला, म्हणजे स्वतः रॉकेट जुळवून उडवायच्या गेमला. तो शाळेसाठी बनवलेला नाही, आणि हेच त्याचं बलस्थान आहे.

पहिली चूक खरेदीतच होते. दुसरा भाग नवा, म्हणजे चांगला, असं समजून पालक तोच घेतात. तो 2023 मध्ये अर्धवट अवस्थेत बाजारात आला आणि पुढे त्याचं काम रखडलं. पहिला भागच घ्या.

आता खेळ. जवळजवळ प्रत्येक मूल रॉकेट नाकासमोर सरळ वर सोडतं. ते हवेच्या थराबाहेर, म्हणजे या गेममध्ये 70 किमीच्या वर, जातंही आणि तसंच खाली येऊन आपटतं. मग मूल आणखी मोठी टाकी लावतं. रॉकेट आणखी उंच जातं आणि पुन्हा आपटतं. इथे मोठ्यांनी माउस हिसकावून घेऊ नये. "वर गेलं ना? मग राहिलं का नाही?" एवढंच विचारावं. कक्षेत राहायला नुसती उंची पुरत नाही, आडवा वेग लागतो. म्हणून उड्डाणानंतर थोड्याच वेळात डी दाबून रॉकेट हळूहळू पूर्वेकडे कलवायचं. 10 किमीच्या आसपास ते साधारण 45 अंशांत असावं. पुढे एम दाबून नकाशा उघडायचा, मार्गाचं वरचं टोक 70 किमीच्या पुढे गेलं की एक्सने इंजिन बंद करायचं आणि त्या टोकाजवळ पोचल्यावर पुढच्या दिशेने पुन्हा चालू करायचं. पूर्वच का? ग्रह त्याच दिशेने फिरतो, तो वेग फुकट मिळतो. श्रीहरिकोटा पूर्व किनाऱ्यावर असण्याचं हे एक कारण.

हे जमलं की मूल विचारतं, चांद्रयान-3ला 40 दिवस का लागले? 14 जुलै 2023ला उड्डाण, 23 ऑगस्टला चंद्रावर. अपोलो 11 तर चार दिवसांत उतरलं होतं! उत्तर त्याने स्वतः खेळून शोधावं: लहान रॉकेट, थोडं इंधन, कक्षा टप्प्याटप्प्याने मोठी करत जायची.

उड्डाणाच्या क्षणीच पॅराशूट उघडतंय? तक्रार गेमची नाही. स्पेसबार दाबला की टप्पे खालून वर एकेक सुटतात आणि पॅराशूट इंजिनाच्याच टप्प्यात राहिलेलं असतं. जुळणीच्या इमारतीत त्याचं चिन्ह ओढून सगळ्यात वरच्या टप्प्यात ठेवा. गेम रखडत असेल तर रॉकेटचे सुटे भाग कमी करा.

यातले आकडे मात्र वहीत उतरवू देऊ नका. गेममधल्या कर्बिन या काल्पनिक ग्रहाची त्रिज्या 600 किमी, पृथ्वीची 6371. तिथे कक्षेसाठी सेकंदाला सुमारे 2.3 किमी वेग पुरतो, पृथ्वीवर 7.8 च्या आसपास लागतो. शिवाय हा गेम यानावर एका वेळी एकाच ग्रहाचं किंवा चंद्राचं गुरुत्वाकर्षण धरतो. दहावीच्या 'गुरुत्वाकर्षण' धड्यातला सेकंदाला 11.2 किमीचा मुक्तिवेग, म्हणजे पृथ्वीच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग, गेममध्ये जुळणार नाही, तत्त्व मात्र तेच.

लहान मुलांसाठी 'स्टेलेरियम' हे पडद्यावर आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत आहे. तिथली नेहमीची तक्रार अशी: "पडद्यावरचं आकाश गच्चीवरून दिसतच नाही." ठिकाण तपासा. ध्रुवताऱ्याची उंची त्या जागेच्या अक्षांशाइतकी असते. पुण्यात साधारण 18.5 अंश, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींहून थोडी कमी. पडद्यावर तो 49 अंशांवर दिसत असेल, तर तुम्ही पॅरिसच्या अक्षांशावरचं आकाश बघताय.

जुन्या संकेतस्थळांवरचे गेम कोरा चौकोन दाखवतात, कारण ते ज्यावर चालायचे त्या फ्लॅश या सॉफ्टवेअरचा आधार 2020च्या अखेरीस संपला. त्यासाठी 'फ्लॅश प्लेयर डाउनलोड करा' म्हणणाऱ्या बटणांना हात लावू नका. त्यामागे बहुधा व्हायरस असतो. 'रफल' हे मोफत साधन ब्राउझरमध्ये घातलं की बरेच जुने गेम चालतात. एखाद्यात प्लूटो अजून नववा ग्रह असेल, तर गेम 2006 आधीचा असणार.