मेलेल्या फोनमधनं आईचे फोटो असे काढले

आईचा अँड्रॉइड फोन एका रात्रीत गेला, सकाळी चार्जरला लावला तर लाईट नाही, थरथर नाही, काहीच नाही, आणि त्यात भाचीच्या बारशाचे सगळे फोटो. बॅकअप मीच बंद केलेलं, नेट संपतंय म्हणून. असो.

आधी चार्जिंगच्या भोकातला कचरा टूथपिकनं काढला, एवढा निघाला की वात वळली असती. पॉवर आणि आवाज कमीचं बटण तीसेक सेकंद दाबून धरलं. शून्य. शेजारच्या काकू म्हणाल्या तांदळात ठेव, अहो पण भिजलाच नव्हता!

विश्रामबागला एका दुकानात म्हणाले मेमरीची चिप काढून डेटा देतो. मी उठलोच, कारण आताच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद असतो, त्याची किल्ली प्रोसेसरशी, फोनच्या मुख्य चिपशी बांधलेली, नुसती चिप काढून काय उपयोग नाही. फोन आतल्या त्याच सर्किट बोर्डावर चालू व्हायला पाहिजे, पाच मिनिटं का होईना.

गणपती पेठेतल्या दादानं बॅटरी काढून बोर्डाला डीसी सप्लाय, म्हणजे बाहेरून वीज देणारं मशीन लावलं, तर बटण न दाबताच अँपिअरचा, म्हणजे करंटचा आकडा वर. "शॉर्ट हाय," म्हणाला, म्हणजे करंट कुठंतरी भलत्याच वाटेनं जातोय. मग बोर्डावर रोझिनचा, म्हणजे राळेचा धूर दिला, पांढरा थर बसला, सप्लाय दिल्यावर एकाच ठिकाणी वितळला, म्हणजे तापतंय तिथंच. तिथला मोहरीपेक्षा बारका कपॅसिटर, वीज साठवणारा भाग, काढला आणि लोगो आला!

पॅटर्न आईलाच विचारला, केबल लावून आधी कॅमेऱ्याचा फोल्डर घेतला, मग व्हॉट्सअ‍ॅपचा. बारसं सापडलं. बॅकअप तिथंच दुकानात उभ्या उभ्या चालू केलं.