‘मी हे काम करते’ हे चार शब्द बोलायला मला दीड वर्ष लागलं

जुनी, फाटकी पुस्तकं दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. सुटलेले फर्मे, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, पुन्हा शिवायचे, तुटलेला कणा बदलायचा, नवा पुठ्ठा चढवायचा. छापखान्यातली नोकरी सोडून हे सुरू केलं तेव्हा हातात कसब होतं, मोठं टेबल होतं, दोऱ्याची रिळं होती आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं. असणार कुठून? मी कुणाला सांगितलंच नव्हतं. व्यवसायाच्या नावाचं पान उघडून ठेवलं होतं, त्यावर पोस्ट शून्य. पाचशे व्हिजिटिंग कार्डं छापून आणली होती, ती खालच्या खणात रबरबँडसकट पडून.

मग एक दिवस शेजारीण एक वही घेऊन आली. तिच्या वडिलांच्या हस्ताक्षरातली. “पानं सुटायला लागली होती, म्हणून बसून सगळ्यांना चिकटपट्टी मारली,” ती कौतुकाने सांगत होती. मी वही उघडली. पट्टीखालचा डिंक पिवळा पडून कागदात मुरला होता आणि एका ठिकाणी पट्टी उचलली गेली, तिच्याबरोबर दीड ओळ शाईही निघून आली होती.

“अगं, मला दाखवायचीस की आधी!”

“तू हे करतेस? मला काय स्वप्न पडणार होतं?”

दीड वर्ष आम्ही एकाच जिन्यावर रोज भेटत होतो. मी ज्याला विनय समजत होते, त्याची किंमत त्या वहीने भरली होती. त्यानंतर मी जे जे केलं ते इथे लिहिते आहे. काही उपाय फसले, तेही सांगते.

‘लोक’ म्हणजे नक्की कोण?

‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य मनात आलं की कागद घ्या आणि त्या लोकांची नावं लिहा. खरोखर लिहा, मनातल्या मनात नको. माझ्या यादीत कसेबसे तीन जण निघाले. पहिला छापखान्यातला एक जुना सहकारी. कुणी स्वतःच्या कामाबद्दल चार शब्द बोललं की हा म्हणायचा, “आली बघा जाहिरात!” त्याच्याशी बोलून मला सहा वर्षं झाली होती. दुसरी एक लांबची नातेवाईक, जिला माझं काहीच कधी पटलेलं नाही. पुढेही पटणार नाही, म्हणजे तो प्रश्न निकालात निघाला. तिसरे एक ज्येष्ठ बांधणीकार. त्यांनी माझं पान पाहिलं तर? त्यांच्यासमोर मी कोण?

पहिल्या दोन भीतींना काही अर्थ नव्हता. तिसरीत मात्र तथ्य होतं, आणि ही वेगळी काढता येणं फार महत्त्वाचं आहे. चामड्याची बांधणी मला येत नव्हती, आणि कुणीतरी तीच मागेल आणि आपण उघडे पडू, ही खरी धास्ती होती. अशा भीतीवर धीराचे शब्द चालत नाहीत. एक तर ते काम शिकावं, नाही तर ‘हे मी करत नाही’ असं स्वच्छ लिहून टाकावं. मी दुसरं केलं. पानावरचं पहिलं वाक्यच ‘चामड्याची बांधणी मी करत नाही’ असं ठेवलं. गंमत अशी की, त्या एका नकारामुळे बाकीचं सगळं छातीठोकपणे लिहिता आलं.

तुमच्याकडे कुणी एवढं पाहत नाही

२००० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालायला द्यायचे. त्या वयात तो घालायची लाजच वाटावी. मग इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत त्याला पाठवायचे. बाहेर आल्यावर विचारलं, की कितीजणांच्या लक्षात आलं असेल? अंदाज असायचा जवळजवळ निम्म्यांचा. प्रत्यक्षात टी-शर्टवर कोण आहे हे सांगता आलं जेमतेम पाव लोकांना.

मला हा प्रयोग पटला तो माझ्या बहिणीमुळे. पहिली पोस्ट टाकताना मी तीन तास घालवले, टाकल्यावर रात्रभर कूस बदलत होते. आठवड्याने तिला विचारलं, “पाहिलीस का?” ती म्हणाली, “काय?” सख्खी बहीण!

यातून सुटकेचा निःश्वास टाकाच, पण पुढचा हिशेबही करा. एका पोस्टकडे कुणाचं लक्षच जात नसेल, तर एकदा सांगून भागणार नाही. ‘तेच तेच किती वेळा सांगायचं’ हा संकोच फक्त सांगणाऱ्याला असतो, कारण प्रत्येक वेळी ऐकणारा तो एकटाच असतो. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं होतं, की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा नजरेखालून गेली तरी ती माणसाला आवडू लागते. मी आठवड्याला एक पोस्ट टाकते. त्याहून जास्त टाकायला माझ्याकडे सांगण्यासारखं नसतं, एवढंच त्यामागचं शास्त्र.

ससा लांबूनच बरा

इथे माझी मोठी चूक झाली. कुणीतरी सांगितलं, की भीती घालवायची तर थेट उडी मारायची. मी उडी मारली. कॅमेऱ्यासमोर बसून व्हिडिओ केला, अकरा वेळा केला, अकराही वेळा पुसला, आणि पुढचे चार महिने काहीच केलं नाही.

मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या एका लहान मुलाची सशाची भीती घालवली, त्यात उडी कुठेच नव्हती. मुलगा त्याच्या आवडीचं खात असायचा, तेव्हा पिंजऱ्यातला ससा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवायचा. मग थोडा जवळ, मग आणखी थोडा. शेवटी पीटर सशाच्या अंगावरून हात फिरवू लागला.

आपणही तसंच करायचं. व्यवसायाबद्दल बोलायच्या जितक्या जागा सुचतील तितक्या लिहा आणि प्रत्येकीला भीतीचे गुण द्या, दहापैकी. माझ्याकडे ईमेलखाली व्यवसायाचं नाव घालणं याला दोन गुण होते. दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा फोटो, सोबत एक अक्षर न लिहिता टाकणं, तीन. ओळखीच्या एका माणसाला नावानिशी निरोप पाठवणं, पाच. काम घेऊन गेलेल्या माणसाकडे अभिप्राय मागणं, सहा. फोनवर दर सांगणं, सात. चारचौघांत उभं राहून ओळख करून देणं, आठ. चेहरा दाखवून व्हिडिओ, नऊ. दहा कशालाच दिले नाहीत, तेवढी शिल्लक असू द्यावी.

सुरुवात दोन-तीन गुणांपासून करा. वरच्या पायरीवर कधी जायचं? हिंमत आली की, असं मी म्हणणार नाही. ती वाट पाहून येत नाही. खालच्या पायरीचा कंटाळा आला की वर जायचं. फोटो टाकताना जांभई यायला लागली, त्या आठवड्यात मी पहिला निरोप लिहिला.

विशेषणं काढून टाका

माझं पहिलं माहितीपत्रक असं होतं: ‘दर्जेदार, विश्वासार्ह आणि सर्वोत्तम पुस्तकबांधणीचे एकमेव ठिकाण.’ हे मोठ्याने वाचताना माझाच घसा कोरडा पडायचा. सर्वोत्तम? कुणी ठरवलं? आपण ज्याला स्वतःची टिमकी वाजवणं म्हणतो, ते बहुतेक वेळा विशेषणांत असतं. नामं आणि क्रियापदं सहसा टिमकी वाजवत नाहीत.

आता मी असं लिहिते:

‘हा शब्दकोश आला तेव्हा कणा तुटलेला होता आणि ४० पानं सुटी होती. फर्मे वेगळे करून पुन्हा शिवले, कापडाचा नवा कणा लावला. नऊ दिवस लागले. असं पुस्तक तुमच्याकडे असेल तर फोटो पाठवा. वाचवता येईल की नाही, ते सांगते.’

यात फुशारकीचं एक वाक्य दाखवा! काय आलं, काय केलं, किती दिवस लागले, आता तुम्ही काय करायचं, बस. तुमचं काम हिशेबाचं असो, शिवणाचं असो वा शिकवणीचं, ही चार वाक्यं लिहिता येतात. शेवटचं वाक्य गाळू नका. संकोची माणूस नेमकं तेच गाळतो आणि मग ‘सगळ्यांनी छान म्हटलं, काम कुणी दिलं नाही’ म्हणून हिरमुसतो.

एक वाकडी वाट मात्र टाळा. ‘एवढी कामं येतायत की झोपायला वेळ नाही हो!’ असं तक्रारीत गुंडाळून कौतुक सांगणं आपल्याला सभ्य वाटतं. ओव्हुल सेझर, फ्रान्चेस्का जीनो आणि मायकेल नॉर्टन यांच्या २०१८च्या अभ्यासात अशी आडून केलेली बढाई सरळ बढाईपेक्षाही ऐकणाऱ्यांना कमी आवडली, कारण त्यात प्रामाणिकपणा दिसत नाही. तेव्हा सांगायचं तर सरळ सांगा.

‘बोलणाऱ्याची माती खपते’ ही म्हण मला कधीच आवडली नाही. तिच्यामुळे बोलणारा प्रत्येक जण मातीच विकतोय असं वाटत राहतं.

सांगायचं कुणाला

आपण सुरुवात घरच्यांपासून आणि जिवलगांपासून करतो, आणि तिथेच सगळ्यात जास्त अवघडतो. तेही अवघडतात, ‘आता हिला काम दिलंच पाहिजे’ म्हणून. त्यापेक्षा एक वर्तुळ बाहेर जा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३च्या लेखात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांचा हिशेब मांडला होता. त्यांतल्या साधारण १७ टक्क्यांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती, ५६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून आणि २८ टक्क्यांना क्वचित भेटणाऱ्याकडून. नोकरी आणि गिऱ्हाईक एक नव्हे, मान्य. पण कारण इथेही लागू पडतं. जवळच्यांचं जग आणि आपलं जग एकच असतं. नवी बातमी लांबच्यांकडे असते.

मी २० नावं काढली. शाळेतल्या मैत्रिणी, छापखान्यात प्रुफं घेऊन येणारे लोक, एक निवृत्त ग्रंथपाल. एकगठ्ठा निरोप नाही पाठवला, प्रत्येकाला वेगळा:

‘नमस्कार सर. छापखान्यात तुम्ही नेहमी पानांचे क्रम तपासून द्यायचे, ते आठवतं. मी आता जुन्या पुस्तकांची दुरुस्ती करते. सोबत एक फोटो पाठवते आहे. असं पुस्तक असलेलं कुणी आठवलं तर माझं नाव सांगाल का?’

यात ‘तुम्ही काम द्या’ असं कुठेही नाही. नाव सुचवणं सोपं असतं, आणि नाही सुचवलं तरी दोघांनाही तोंड लपवावं लागत नाही. उत्तर आलं नाही तर महिन्याने एकदा आठवण करायची. मग थांबायचं. तिसरा निरोप हा त्रास, मग तुम्ही कितीही गोड लिहा. वीसांतल्या नऊजणांनी उत्तर दिलं, त्यांतले चार नुसते ‘छान’. ग्रंथपालांनी मात्र दोन नावं दिली आणि त्यांतलं एक आजही काम पाठवतं.

अभिप्राय मागताना ‘कसं वाटलं?’ विचारू नका, ‘मस्त’ एवढंच येईल. ‘पुस्तक हातात घेतल्यावर आधी काय पाहिलंत?’ असं विचारा. एका आजोबांनी लिहिलं, “आधी वास घेतला. तो तसाच आहे.” असं वाक्य मला जन्मात सुचलं नसतं.

दर सांगा आणि गप्प बसा

हे थोडक्यात. मी आकडा सांगून लगेच “पण तुम्ही म्हणाल तसं” जोडायचे. समोरच्याने तोंडही उघडलेलं नसायचं. आता फोनशेजारी चिठ्ठी आहे: ‘आकडा. पूर्णविराम.’ नंतरची शांतता पाच-सहा सेकंदांची असते. पहिल्यांदा ती फार मोठी वाटते.

पोस्ट टाकल्यावर हात ओले करा

पोस्ट गेल्यानंतरचा पहिला तास सगळ्यात वाईट. दर मिनिटाला फोन उघडायचा आणि शेवटी पोस्ट पुसून टाकायची, हे मी दोनदा केलंय. आता मी खळ लावायला बसायच्या अगदी आधी पोस्ट टाकते. हात खळीने माखलेले असले की फोनला शिवता येत नाही, आणि एकदा लावायला घेतली की मध्ये उठता येत नाही. तुमच्या कामात असं काही नसेल तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बाहेर पडा.

तो सहकारी? आलाच एकदा. पोस्टखाली हसऱ्या चेहऱ्यांसह लिहिलं, “आली बघा जाहिरात!” सहा वर्षं ज्याची धास्ती घेतली तेच वाक्य, शब्दाचाही फरक नाही. मी लिहिलं, “हो, आली. जुनं पुस्तक असेल तर पाठवा.” त्याने अंगठा दाखवला. पुस्तक काही पाठवलं नाही.

व्हिडिओची पायरी अजून बाकी आहे. मागच्या महिन्यात एक केला. त्यात सुई, दोरा आणि माझे हात दिसतात, चेहरा नाही. नऊ गुणांचे आता सहा झालेत.